कबऱ्या पानाचा पाषाणभेद आणि माठाखालची जागा

राब भाजून झाले, बांधबंदिस्ती उरकली, आता पावसाकडे डोळे. मधले हे आठ-दहा दिवस मोकळे मिळतात म्हणून राहिलेली एक नोंद लिहून टाकतो. ही नोंद भाताची नाही, भेंडीची नाही. एका शोभेच्या झाडाची आहे. शेतीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण तीन वर्षं ते आमच्या माठाखाली जगतंय आणि त्याच्या नावापायी गेल्या वर्षी घरात एक मोठा घोळ होता होता राहिला. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा फौजेत आहे. कालिंपोंगला होता तेव्हा सुट्टीवर येताना त्याने बिस्किटाच्या डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळून दोन पिल्लं आणली. कालिंपोंग म्हणजे दार्जिलिंगकडचं डोंगरातलं गाव, साडेबाराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि नर्सऱ्यांसाठी नावाजलेलं. मला झाडांचा नाद आहे हे त्याला माहीत. "मामा, याला स्ट्रॉबेरी बेगोनिया बोलतात, जगलं तर जगलं," असं म्हणून डबा हातात दिला.

पान गोल, रुपयाच्या नाण्यापासून तळहातापर्यंत वाढणारं, वरून बारीक लव, खालून जांभळट लाल. मध्ये हिरवा-राखाडी रंग आणि कडेला मलईसारखा पांढरा काठ, थंडीत त्या काठावर गुलाबी झाक येते. नर्सरीवाले अशा पानाला व्हेरिगेटेड म्हणतात. आपण कबऱ्या गाईला कबरी म्हणतो तसं मी याला कबरं पान म्हणतो. वर्षभर पान गळत नाही. बुडातून लाल सुतासारखे धागे सुटतात आणि धाग्याच्या टोकाला नवं पिल्लू धरतं. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीचे रनर ज्यांनी लावलेत त्यांना वेगळं सांगायला नको, हुबेहूब तीच तऱ्हा. म्हणून नावात स्ट्रॉबेरी. पानाच्या चेहऱ्यावरून बेगोनिया. खरं तर ते स्ट्रॉबेरीही नाही आणि बेगोनियाही नाही.

खरं नाव सॅक्सिफ्रागा स्टोलोनिफेरा. मूळ चीन, जपान, कोरियाकडचं. जपानात याला युकिनोशिता म्हणतात, म्हणजे बर्फाखालचं, आणि आपण ओव्याच्या पानांची भजी करतो तशी ते याची पानं पिठात बुडवून तळून खातात. सॅक्सिफ्रागा या लॅटिन नावाची फोड कळली तेव्हा मला गंमत वाटली. सॅक्सम म्हणजे दगड आणि फ्रांगेरे म्हणजे फोडणे. दगड फोडणारं. म्हणजे शब्दाला शब्द आपला पाषाणभेद! एक तर ही झाडं खडकाच्या फटीत उगवतात म्हणून, आणि दुसरं म्हणजे जुन्या काळी युरोपातले वैद्य यांच्यातली काही झाडं मुतखड्यावर देत म्हणून. आपल्याकडेही कारणं तीच दोन. दोन टोकांच्या माणसांना एकाच तऱ्हेच्या झाडाकडे बघून एकच नाव सुचलं.

आपल्या आयुर्वेदातला पाषाणभेद हा याच कुळातला. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा औषधांत तो मोजलाय. हल्लीचे वनस्पतीवाले त्याला बर्जेनिया सिलिएटा म्हणतात, पण जुन्या पुस्तकांत त्याचं नाव सॅक्सिफ्रागा लिगुलाटा असंच छापलेलं आहे. हा हिमालयात होतो, थंड डोंगरउतारावर, खडकांत. औषधात पान वापरत नाहीत, जमिनीतलं जाड मूळकांड वापरतात. ते जंगलातून खणून खणून आता दुर्मिळ होत चाललंय. आपल्या सह्याद्रीत तो नाही. माहुलीच्या कड्यावर पावसाळ्यात कपारीत कितीही गोल पानं दिसली तरी तो पाषाणभेद नव्हे.

मग आपल्याकडे पाषाणभेद म्हणून काय चालतं? कोणी पानफुटीला म्हणतं, जिचं पान मातीवर टाकलं की काठाच्या खाचांतून रोपं फुटतात. ती मूळची मादागास्करची, आपल्या पुराणातली नाही. कोणी ओव्याच्या पानाला म्हणतं, हिंदीतलं पत्थरचूर नाव ऐकून. दक्षिणेकडे बांधावरची कपूरमाधुरी, ती पांढऱ्या लोकरीसारख्या तुऱ्यांची, पाषाणभेद म्हणून देतात. चार झाडं, चार वेगळी कुळं, नाव एक. मी दहावी शिकलेला माणूस, औषधातलं मला कळत नाही. पण बियाण्याच्या पिशवीवर एक नाव आणि आत दुसरं वाण निघालं तर काय होतं ते मला कळतं, आणि तुम्हालाही.

आता तो घोळ.

गेल्या वर्षी एप्रिलात माझा मेहुणा आला. पन्नाशीच्या आतला, वीटभट्टीवर काम करणारा, अंगाने लोखंड. पडवीत बसला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं पाषाणभेद हाय असं ऐकलं. चार पानं द्या." मी गावात कौतुकाने सॅक्सिफ्रागाचा अर्थ सांगत फिरलो होतो, तो अर्थ फिरत फिरत त्याच्यापर्यंत औषध होऊन पोचला होता. विचारलं तर कळलं की कमरेत डाव्या बाजूला दोन महिने दुखतंय, कळ जांघेपर्यंत उतरते. आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून तो पाषाणभेदाची भुकटी घेत होता. पुडीमागे पैसे मोजत होता. कळ आली की भुकटी, कळ थांबली की कामावर.

मी पानं दिली नाहीत. तो रागावला. "चार पानांनी काय झाड मरतंय का?" म्हणाला. बायकोलाही वाटलं की मी भावाला नाही म्हणतोय. खरं सांगतो, घरात दोन दिवस अबोला होता. मी त्याला एवढंच विचारत होतो की खडा केवढा आहे आणि कुठे आहे, हे कोणी बघितलंय का? कोणीच बघितलं नव्हतं. शेवटी मोटरसायकलवर बसवून शहापूरला नेऊन सोनोग्राफी केली. नऊ मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत अडकलेला आणि वरची किडनी पाण्याने फुगलेली.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. पाच मिलिमीटरच्या आतला खडा पुष्कळदा आपोआप लघवीतून निघून जातो. मग माणूस ज्या पाल्याचा रस पीत असेल त्या पाल्याला यश मिळतं. मोठा खडा वाटेत अडकला की लघवी मागे तुंबते, किडनीवर दाब येतो. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही, कळ थांबूनही किडनी आतल्या आत खराब होत राहते. आणि कळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही. कल्याणला नेऊन दुर्बिणीने खडा काढला, आत बारीक नळी ठेवली, ती काही आठवड्यांनी काढली. किडनी वाचली. मेहुणा आता बरा आहे, भट्टीवर जातो.

डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो मात्र माझ्या डोक्यात बसलाय. "दिवसाला पाणी किती पिता?" मेहुण्याने हिशोब केला तर सकाळी घरून नेलेली एक बाटली आणि दुपारी मागून घेतलेला तांब्या. भट्टीची धग, वर एप्रिलचं ऊन, घामाने बनियन पिळून काढावं असं अंग, आणि पाणी एवढंच. लघवी घट्ट होते, क्षार खाली बसतात, खडा धरतो. दिवसाला अडीच लिटर तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे उन्हात राबणाऱ्याने चार लिटरच्या आसपास पाणी प्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. सांगायला सोपं. तानसा 1892 चं धरण, पुढे वैतरणा, मग भातसा, मुंबईची बरीचशी तहान आमच्या तालुक्यातून भागते, आणि मार्च सरला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. ज्या घरात पाणी मोजून येतं तिथे माणूस पाणी मोजूनच पितो. बाया तर आणखी कमी पितात, लघवीला जायची सोय नसते म्हणून. पाषाणभेद कुठला खरा नि कुठला खोटा यावर मी वर एवढं लिहिलंय, पण भट्टीवर सावलीत दोन माठ भरून ठेवले असते तर यातल्या एकाचीही गरज पडली नसती.

पाण्यावरून झाडाकडे येतो, कारण आमच्या घरात या झाडाचा पहिला वाद पाण्यावरूनच झाला. डबा उघडला तेव्हा बायको म्हणाली, "प्यायला पाणी नाय आन् हे शोभेचं आणलंय." बरोबर होतं तिचं. म्हणून मी ठरवलं की याला वेगळं पाणी एक थेंब घालायचं नाही. आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला पडवीत माठाची तिवई आहे. माठ मातीचा, चोवीस तास झिरपतो. खाली रोज तांब्या-दीड तांब्या पाणी सांडून जायचं, तिथे नुसतं शेवाळ धरायचं. त्या जागी मी पसरट कुंडी ठेवली. उत्तरेची बाजू असल्यामुळे उन्हाळ्यात सकाळचं थोडं तिरपं ऊन सोडलं तर दिवसभर सावली, आणि माठाच्या ओलीने भोवतालची हवा हाताला गार लागते. आपला खर्डीचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. दोन पिल्लांपैकी अंगणात आंब्याखाली ठेवलेलं एक त्याच मार्चअखेर करपून गेलं, माठाखालचं राहिलं. आज आहे तो सगळा वंश त्या एकाचा.

माती भारी नको. मी लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि विटांचा चुरा सारख्या मापाने घेतला, बुडाशी खडीचा थर दिला. मुळं उथळ असतात, खोल कुंडी लागत नाही. युरिया अजिबात नको, पान लुसलुशीत होऊन सडतं. वर्षातून दोनदा मूठभर शेणखत बास. याचा खरा वैरी आपल्याकडे उन्हाळ्याहून पावसाळा आहे. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा हा मुलूख, लव असलेल्या पानावर पाणी साचलं की गाभा कुजतो. म्हणून जूनच्या पहिल्या सरीबरोबर कुंडी माठाखालून काढून पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात नेतो आणि मातीला बोट लावून कोरडी लागली तरच पाणी. याच दिवसांत शंखी गोगलगायी येतात, एका रात्रीत पानांची चाळण करतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, दुसरा उपाय मला पटत नाही. पिठ्या ढेकूण मुळाशी एकदा दिसला, तेव्हा पूर्ण माती बदलली. दिवाळीनंतर होळीपर्यंत मात्र झाड सुखात असतं, रात्री गार पडल्या की काठ गुलाबी होतो. फूल तीन वर्षांत एकदाच आलं, फेब्रुवारीअखेर. पांढरं, बारीक, वरच्या तीन पाकळ्या लहान ठिपक्यांच्या आणि खालच्या दोन लांब, मिशीसारख्या लोंबणाऱ्या.

आता कबऱ्या रंगाचं, कारण शेतकऱ्याने समजून घ्यावं असं यात काही आहे. पानातला पांढरा भाग म्हणजे तिथल्या पेशीत हरितद्रव्यच नाही. तो भाग अन्न करत नाही, हिरव्या भागाने केलेलं बसून खातो. म्हणून कबरं झाड त्याच जातीच्या हिरव्या झाडापेक्षा सावकाश वाढतं आणि नाजूक असतं. काही धाग्यांच्या टोकाला नुसतं हिरवं पिल्लू येतं. ते दणकट असतं, दुप्पट वेगाने वाढतं आणि कुंडीत ठेवलं तर कबऱ्याला दाबून टाकतं. हिरवं दिसलं की लगेच वेगळं करायचं. काही पिल्लं पूर्ण पांढरी येतात. दिसायला सगळ्यात देखणी, पण आईचा धागा आहे तोवरच जगतात. भाताच्या रोपातही कधी एखादं पांढरं रोप दिसतं ना, दाण्यातली शिदोरी संपली की मरतं, तसंच हे. मधली, हिरवं-पांढरं दोन्ही असलेली निवडायची, त्यांना धाग्यासकट शेजारच्या कुंडीत टेकवायचं, मुळं धरली की मग धागा तोडायचा. बी धरून हा रंग खात्रीने मिळत नाही.

शेजारचा एक पोरगा हे बघून म्हणाला, "काका, आमच्या भेंडीची पानं पण अशीच कबरी झालीत, ती पण ठेवायची का?" त्याला हसलो नाही, प्रश्न चांगला होता. भेंडीत शिरा पिवळ्या पडून जाळी दिसते ती विषाणूची, पांढरी माशी ती झाडाझाडावर नेते. तिथे रंग म्हणजे रोग आहे, झाड उपटून गाडायचंच. इथे रंग झाडाच्या जडणघडणीतला आहे, शेजारच्या झाडाला लागत नाही. ओळखायची एक साधी खूण मी त्याला सांगितली. रोगाचा रंग शेतात पसरत जातो, नवीन पान आकसतं, फळ पिवळं येतं. जन्मजात कबरेपणा आपल्याच फांदीपुरता राहतो.

दोघा-तिघांनी विचारलं, याचं उत्पन्न होईल का, मुंबईच्या नर्सऱ्यांना द्यायला? माझं मत, आपल्या भागात या झाडाच्या मागे लागू नये. एक कुंडी माठाखाली जगते, हजार कुंड्यांना हजार माठ कुठून आणणार? शेडनेट, फॉगर लावून गारवा करायचा तर पाणी आणि वीज लागणार, आणि त्या पाण्यात उन्हाळी भाजीचे दोन वाफे निघतील. थंड डोंगरातला माल तिथूनच स्वस्त येतो. आंब्याखालच्या सावलीत काही लावायचंच असेल तर हळद लावा, सुरण लावा. कबऱ्या पानाचीच हौस असेल तर पांढऱ्या काठाचा पानओवा मिळतो, तो आपल्या उन्हात-सावलीत दोन्हीकडे येतो, काडी खोचली की लागतो, पाणी विसरलात तरी रुसत नाही, आणि भजीला होतो. माझ्याकडे भरपूर आहे, येऊन काड्या घेऊन जा. फक्त त्याला पाषाणभेद म्हणू नका. आणि पानफुटी असेल तर गुरं-शेळ्यांपासून लांब लावा, तिच्यात जनावराच्या हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जास्त खाल्ली तर जनावर दगावू शकतं.

सॅक्सिफ्रागाची पानं मात्र मी कोणाला औषध म्हणून देत नाही. मेहुण्यानंतर आणखी तिघे येऊन गेले. तिघांनाही माठातलं पाणी पाजलं, आधी सोनोग्राफी करा म्हणून सांगितलं. एकाने केली. दोघांचं माहीत नाही, परत आले नाहीत.

आज कुंडीत अकरा पिल्लं आहेत. सहा चांगली कबरी, तीन हिरवी, दोन पूर्ण पांढरी. हिरवी तीन वेगळ्या डब्यात काढली. कबऱ्यांतली दोन भाच्याच्या घरी द्यायची आहेत, त्याच्या आईने माठाखाली जागा करून ठेवली आहे. ढग आले की कुंडी आत घ्यायची.